निळ्या काठाची वाटी

भिलाईच्या सेक्टर सहामधली क्वार्टरांची ती रांग नवी होती तेव्हा माणसं रोज चुकीच्या घरात शिरायची. बारा दारं, बारा खिडक्या, सगळ्यांना एकच हिरवा रंग आणि क्वार्टरचे नंबर अजून रंगवायचे होते. पाळीवरून थकून आलेला माणूस सरळ आत जाऊन खाटेवर बसायचा, पाणी मागायचा आणि तांब्या घेऊन भलतीच बाई समोर आली की कान पकडून बाहेर पडायचा. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर असलेले मारोतराव तर एकदा हातपाय धुऊन शेजाऱ्याच्या घरात जेवायलाच बसले होते. त्यांची बायको सिंधुताई ते अजून रंगवून सांगायची.

"आमच्या माणसाले भाजीच्या चवीवरून समजलं का घर दुसऱ्याचं हाय! बाईच्या तोंडाकडे काही पाह्यलं नाई त्यानं!"

म्हणून केवलराम गजभियेनं आपल्या शालूला पहिली विद्या शिकवली ती मोजणीची. नळापासून सुरुवात करायची, प्रत्येक दाराला हात लावायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा, सातला थांबायचं. सातवं दार आपलं. शालू चुकली की केवलराम रागवायचा नाही, तिचं बोट धरून पुन्हा नळापाशी न्यायचा. आठ दिवसांत पोर बारापर्यंत पक्की झाली. बारावं दार सिंधुताईंचं. त्यापुढे उघडं मैदान, पुढच्या रांगेसाठी टाकलेल्या विटा आणि पार लांब भट्ट्यांचा धूर.

त्या रांगेतली दुसरी विद्या होती वाट्यांची. ती शालूची आई रुक्मा शिकली.

भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात गजभियांच्या घरी दुसऱ्याच्या घरून वाटी कधी आलीच नव्हती. कोणी काही दिलंच तर वरून ओंजळीत टाकायचे. गावातल्या सगळ्या वस्तीनं छपन्न साली धम्म घेतला, तरी ओंजळीवरची ती उंची काही कमी झाली नाही. आणि इथं, भिलाईत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सिंधुताई दारात उभी. हातात वांग्याच्या भाजीची वाटी. हातातून हातात दिली. रुक्मा ती वाटी घेऊन बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली होती. मग तिनं वाटी घासली, त्यात गुळाचा खडा ठेवला आणि परत नेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडायचं नाही, हा रिवाज तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाळला, आणि त्यानंतर एकदाही चुकवला नाही.

एकसष्ट सालचा चैत्र होता. शालूला पाच वर्षं पुरी झाली, त्याच आठवड्यात ती एका दुपारी एक वाटी घेऊन आली. पांढऱ्या इनॅमलची, निळ्या काठाची. आत मूठभर काळ्या, पट्टेदार, भाजलेल्या बिया.

"कोनं देल्लं गं हे?"

"आजीनं."

"कोनती आजी?"

"तिकडली," शालूनं बोट दाखवलं. बोट रांगेच्या टोकाकडे होतं.

आली असेल कोणाची सासू गावाहून, असं म्हणून रुक्मानं वाटीत गूळपोहे भरले आणि शालूच्याच हाती परत दिले.

पहिली पाळी संपवून केवलराम तीन वाजता घरी आला. ताटलीत ठेवलेल्या बिया त्यानं पाहिल्या, एक उचलली, दातांनी उभी धरून फोडली आणि टरफल जिभेनं बाहेर काढलं. हे त्यानं इतक्या सवयीनं केलं की रुक्मा पाहतच राहिली.

"तुमाले येते हे खाता?"

"सूर्यफुलाच्या बिया. तिकडं सारेच खातेत," तो म्हणाला.

तिकडं म्हणजे झापोरोझ्ये. नीपर नदीवरचं पोलादाचं गाव. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मशीन शिकायला माणसं सोव्हिएत रशियात धाडली, त्यांत केवलराम होता. बॅचमधले बाकीचे सहा महिन्यांनी परतले. पोलाद लाटणाऱ्या रोलिंगच्या मशीनवर केवलरामचा हात चांगला बसत होता, म्हणून त्याला आणखी आठ महिने ठेवून घेतलं. ते आठ महिने तो त्या गावात एकटा होता. एकटा, आणि जन्मात कधी नव्हता इतका सुखी. ट्राममध्ये लोक त्याच्या शेजारी येऊन बसायचे. खानावळीत त्याचा पेला आणि इतरांचा पेला एकाच पाण्यात धुतला जायचा. बर्फ पडून गेल्यावर रस्त्यावर जी शांतता यायची, ती त्याला अजून झोपेत ऐकू यायची. तिथं त्याला कोणी जात विचारली नाही. हे त्यानं रुक्माला सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

चार दिवसांनी वाटी परत आली. स्वच्छ धुतलेली, आत काळ्या पावाचा जाड तुकडा. केवलराम घरीच होता. त्यानं पाव तोंडात घातला. आंबूस, जरा कडवट. त्याचे डोळे भरून आले. मग त्याची नजर वाटीच्या काठावर गेली. निळ्या रंगावर तांदळाएवढा टवका उडाला होता.

तो टवका त्याच्या ओळखीचा होता.

पण केवलराम डोक्यानं चालणारा माणूस. त्यानं स्वतःला समजावलं. भिलाईत रशियन इंजिनिअर आहेत, त्यांची बिऱ्हाडं आहेत. जाताना लोक सामान वाटून, विकून जातात. अशा शंभर वाट्या इथं असतील आणि त्यांतल्या पन्नासांना टवके असतील. हे सगळं बरोबर होतं. तरी त्यानं ती वाटी रुक्माला भरू दिली नाही. स्वतः उठून भरली. मुर्रा, म्हणजे इकडचे चुरमुरे, वर चण्याची डाळ, वर आंब्याची फोड. भरताना त्याला वाटलं, आपण कोणाला तरी ख्यालीखुशाली कळवतो आहोत.

रविवारी मात्र तो शालूला म्हणाला, "चाल, आजीचं घर दाखव मले."

ऊन लख्ख होतं. दोघं नळापासून निघाले. शालू दारांना हात लावत चालली. एक, दोन, तीन. सातला थांबली नाही. दहा, अकरा, बारा. बाराव्या दारात सिंधुताई तांदूळ निवडत होती. शालू तिच्यासमोरून पुढे गेली, भिंत संपली तरी पुढे गेली, तीन पावलं चालली, उंबरा ओलांडावा तसा एक पाय उचलून टाकला आणि उभी राहिली.

"तेरा," ती म्हणाली.

मैदानात काहीच नव्हतं. विटांचा ढीग, वाळलेलं गवत. विटांवर बियांची टरफलं पडली होती.

"इथं आजी बसते," शालू म्हणाली. "टेबलापाशी. मागं भिताडाले खूप चाब्या हायेत. आज तू हाय न सोबत, म्हनून दार बंद हाय."

केवलरामनं पुढे होऊन शालूचा हात धरला. शालूचा हात जिथं होता तिथली हवा गार होती. हातभर रुंद गार हवा, विहिरीच्या तोंडाशी असते तशी. तो एक पाऊल मागे सरला आणि पाठीला पुन्हा ऊन लागलं.

"भाऊ," सिंधुताई सूप खाली ठेवून म्हणाली, "एक सांगू? राग नका मानू. तुमची पोट्टी रोज दुपारी इथं एकटीच उभी रायते. बोलते, हासते. मी म्हटलं, खेळून राहिली असंन. पन बोलता बोलता मधातच चूप होते, भाऊ. कोनाचं आयकून राहिली असंन, तशी." मग आवाज उतरवून म्हणाली, "रुक्माले म्हना मीठ-मिरच्या ओवाळून टाक."

"आमी ते सारं सोडलं, ताई."

"तं मंग मी टाकतो तुमच्या वाटचं," सिंधुताई म्हणाली. पण ती हसली नाही.

शालूला बाहेर जाऊ द्यायचं नाही असं त्या दिवशी ठरलं. तरी बुधवारी वाटी आली. रुक्मा नळावर होती तेवढ्यात. या वेळी आत खायचं काही नव्हतं. लाल लोकरीचा हातमोजा होता, एकच, चारी बोटांना मिळून एक घर आणि अंगठ्याला वेगळं असलेला. रुक्मानं तो शालूच्या हातात चढवून पाहिला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत माप काटेकोर होतं.

"आमच्या पोरीचं माप कोनं घेतलं?" रुक्मानं विचारलं. "अन् या उनात लोकर कोन विनून राहिलं? तुमाले ठाव हाय. पयल्या दिवसापासून ठाव हाय तुमाले. बोला."

केवलराम खाली बसला. मग त्यानं ते सांगितलं.

झापोरोझ्येत तो राहायचा त्या वसतिगृहाच्या दारापाशी एक म्हातारी बसायची. क्लावा. टेबल, मागे किल्ल्यांची फळी. त्याला तिथलं अन्न जाईना, तेव्हा तिनं घरून आणून त्याला खाऊ घातलं. निळ्या काठाच्या वाटीत. ती वाटी तिच्या नातीची होती. लढाईत गाव खाली करताना स्टेशनच्या गर्दीत नातीचा हात सुटला. हात सुटला, एवढंच क्लावा सांगायची. मेली असं कधी म्हणाली नाही. एकदा वाटी धुताना केवलरामच्या हातून पायरीवर पडली आणि टवका उडाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी म्हणाली, असू दे, आता ही तुझ्याही घरची.

"निघालो तेव्हा तिले द्याले माह्यापाशी काहीच नोतं, रुक्मे. तू गोंदियाच्या स्टुडिओतला फोटो धाडला होता..."

"शालूचा."

"तो देला."

रुक्मानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पोरीचा तो एकच फोटो होता. तो प्रवासात हरवला असं त्यानं तिला सांगितलं होतं.

"त्या म्हातारीनं काय म्हटलं?"

"लय वेळ पायलं. मंग विचारलं, हे पाच वर्साची कधी होईन?" केवलरामचं बोट वाटीच्या टवक्यावर गेलं. "हात सुटला तेव्हा तिची नात पाच वर्साची होती. मले काय ठाव! मी खुशीनं सांगतलं. बोटं मोजून सांगतलं. एकसष्टचा चैत."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. रुक्मानं हातमोजा शालूच्या हातातून काढला. मग तिनं वाटी घासली, पुसली, आणि सवयीनं तिचा हात डब्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला.

"रिकामी नेऊन द्या," ती म्हणाली. "देनं-घेनं तोडाचं असंन तं रिकामी द्याव लागन. अन् तुमी नेऊन द्या. पोरीच्या हातून नाई."

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तो घरी आला. शालू आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. दाराला आतून कडी होती. रुक्मानं ती त्याच्यासाठी काढली आणि तो बाहेर पडताच पुन्हा लावून पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

तो बारा दारं चालून गेला. मोजावी लागू नयेत म्हणून मान खाली घालून गेला.

विटांवर त्यानं वाटी ठेवली. आत हातमोजासुद्धा ठेवला नाही, तो शेजारी ठेवला. वाटी पूर्ण रिकामी होती. आत बोट फिरवून त्यानं खात्री केली.

मग कशासाठी कोण जाणे, तो थांबला. हवा गार होती. गार हवेत कोळशाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. समोर दार असतं आणि ते उघडतं, तर तिथून ट्रामचा थांबा दिसला असता. सायकलवरून येणाऱ्या मारोतरावांनी त्याला तसं उभं पाहिलं आणि हाक मारली.

"कावून गा केवलराम? उनात कोनाची वाट पाहून राहिला?"

तो दचकला. विटांवर फक्त हातमोजा होता.

तो धावत घरी आला. दार ठोठावलं. रुक्मानं कडी काढली. शालू तिथंच होती, नुकतीच जागी होऊन डोळे चोळत होती.

"हालली तं नाई?"

"माह्या मांडीवरच होती. एक घडीभर नाई हालली."

शालू जांभई देत म्हणाली, "बा, तू वाटी रिकामीच ठेवली."

रुक्मानं पोरीला जवळ ओढलं.

"आजी म्हने, असू दे. पन माय म्हनते न, रिकामी नाई द्याव. म्हून मी भरून देल्ली."

"काय देल्लं, शालू?"

"आजी म्हने सांगू नको. बा मोजत बसन म्हने."

त्यांनी मोजलंच. हाताची बोटं, पायाची बोटं, दात. कानातल्या बाळ्या, हातातल्या बांगड्या. केसांची एक बटसुद्धा कुठून कापलेली नव्हती. पोर हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. सगळं जागच्या जागी होतं.

वाटी पुन्हा आली नाही. रांगेच्या टोकाशी बांधकाम सुरू झालं, तिथं नव्या बारा घरांच्या भिंती उठू लागल्या आणि जुन्या दारांवर नंबरही रंगवून झाले. शालू आता कोणाकडे जात नव्हती. तिला घामोळं आलं नाही, पाणीही ती फारसं मागत नव्हती. यंदा पोरीला ऊन बाधलं नाही, म्हणून सिंधुताई कौतुक करायची.

वैशाखातल्या एका दुपारी रुक्मानं केवलरामला खूण करून आत बोलावलं. खिडकीला ओलं पोतं लावलं होतं, तरी भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. शालू फरशीवर उताणी झोपली होती.

रुक्मानं बोटानं दाखवलं.

पोरीच्या प्रत्येक श्वासाबरोबर तोंडातून थोडीशी पांढरी वाफ निघत होती, वर जाऊन विरत होती. पुन्हा निघत होती.

अशी वाफ दिसायला किती थंडी लागते, ते त्या घरात एकट्या केवलरामला ठाऊक होतं.