महिना आधी, दिवस नंतर

माझ्या धाकट्या बहिणीने पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. फोटो काढताना ती माझ्या कानाशी लागली, “ताई, आता तुझा नंबर.”

“गप्प बस. फोटोत तोंड वाकडं येईल,” मी म्हटलं.

मी तेव्हा छत्र्या दुरुस्त करत असे. जिन्याखालची एक खोली, एवढंच दुकान. भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. नवरा गेल्यावर मीच ते चालवलं. मुलगी दुसऱ्या शहरात होती. तिचं म्हणणं, आता पुरे, माझ्याकडे येऊन राहा. मी नाही म्हणायची. शेवटी तडजोड झाली. तिने मला कॉम्प्युटरवर हिशेबाचा प्रोग्रॅम घालून दिला. दर महिन्याला बँकेच्या साइटवरून स्टेटमेंटची फाईल उतरवायची आणि या प्रोग्रॅमला द्यायची. जमाखर्च तोच लावणार, ती तिकडून बघणार. वर्षअखेरीस दुकान आपल्या पायावर उभं दिसलं तर राहायचं. नाहीतर कुलूप.

पण फाईल काही धड आत जाईना. जुलैच्या सुरुवातीला, एका बुधवारी, मी कॉम्प्युटरला तोंडाला येईल ते बोलत होते. बाहेर बारीक, कंटाळवाणा पाऊस. दारात एक गृहस्थ उभे राहिले आणि तिथेच अडकले. डोक्यावर छत्री, ती दारापेक्षा रुंद.

“आत या की.”

“मिटत नाहीये.”

“छत्री उघडत नाही म्हणून लोक येतात. मिटत नाही म्हणून आलेले तुम्हीच पहिले.”

“तीन बस सोडल्या,” ते म्हणाले. “ड्रायव्हर घेईनात.”

मी बाहेर जाऊन खटका दाबून धरला, दोन काड्या सोडवल्या, तेव्हा कुठे छत्री मिटली. ते आत आले. ओल्या लोकरी कोटाचा वास खोलीभर झाला. मी काड्या सरळ करत बसले आणि ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले.

“सहा डिसेंबरचं वीजबिल आत्ताच भरलंत? फारच घाई आहे.”

“तेच तर! बिल मी बारा जूनला भरलं.”

ते खुर्ची ओढून बसले. बस डेपोत बसगाड्यांची वेळापत्रकं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. डेपोत सगळे त्यांना वेळापत्रकवाले म्हणत. तारीख चुकलेली त्यांना बघवत नसे.

“बारा-सहाचं सहा-बारा झालंय. महिना आधी वाचला गेला, दिवस नंतर. आणि तेरा तारखेपासून पुढचं सगळं प्रोग्रॅमने परत पाठवलंय... तेरावा महिना कुठून आणणार? फाईल उतरवल्यावर काय केलंत?”

“उघडली. वाचली.”

“मग?”

“सेव्ह केली.”

“काही बदललं होतंत?”

“छे.”

“मग सेव्ह कशाला?”

आता काय सांगू? मी अक्षरं शिकले पंचेचाळिशीनंतर, संध्याकाळच्या वर्गात. तेव्हापासून कागद असो की पडदा, वाचल्याशिवाय पुढे द्यायला जीव होत नाही. औषधाच्या डबीतली चिठ्ठीसुद्धा वाचते. आणि वर्गातल्या बाई कॉम्प्युटर शिकवताना म्हणायच्या, सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत.

“तुम्ही ती आधी तक्त्याच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडता. सेव्ह करताना तो आपल्या मताने तारखा बदलतो. पुढच्या वेळी उघडू नका. उतरवली तशीच द्या.”

मग दोन बोटांनी एकेक तारीख त्यांनी हाताने दुरुस्त केली. मधूनमधून खोकत होते. संध्याकाळ झाली. छत्रीचे पैसे मी घेतले नाहीत.

पुढच्या महिन्यात मी फाईल उघडायची नाही असं पक्कं ठरवलं. उतरवली. मग बाहेर पाहिलं. समोरची दोन दुकानं कायमची बंद झालेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो ओल्या कोटाचा वास आठवला... मी फाईल उघडली. सेव्ह केली. आणि त्यांना फोन केला.

“परत वाचलीत?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“हात गेला.”

“हाताला सांगा जरा.”

“माझं ऐकत नाही. तुम्हीच सांगा.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं — काड्यांनी चिरलेला, काळा पडलेला हात — आणि घाईने चष्मा पुसायला घेतला.

असे ते दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येऊ लागले. तारखा संपल्या तरी बसायचे. डेपोतले किस्से सांगायचे. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. खोकला मात्र वाढत होता. विचारलं की म्हणायचे, “हवा बदललीय.” हवा तर कधीपासून तीच होती.

नोव्हेंबरात ते आले नाहीत. फाईल मी बिघडवून प्रोग्रॅमला दिली होती, ती तशीच राहिली. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. पुढच्या बुधवारीही दार कोरडंच. त्यातच मुलीचा फोन आला.

“अगं आई, अख्ख्या ऑक्टोबरात दुकानात एकाच दिवशी कुणी फिरकलं का? बाकी महिना रिकामा दिसतोय!”

“तारखांचा घोळ आहे गं.”

“दर महिन्याला तुझा काहीतरी घोळ. रविवारी येते मी. सामान बांधून ठेव.”

मी फोन ठेवला. मग बँकेच्या साइटवरून फाईल पुन्हा उतरवली. बोटं शिवशिवत होती. न उघडता, न वाचता, तशीच दिली. एकूण एक ओळ जागेवर जाऊन बसली. रात्री मुलीचा फोन आला, “बरं बाई, राहा तिथेच.” दुकान वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता.

पुढच्या बुधवारी ते आले. गालफडं बसलेली, कोट अंगावर लोंबत होता. इस्पितळात होते म्हणाले.

“दाखवा. या वेळी काय झालं?”

“काही नाही. सगळं बरोबर आलं. मीच केलं.”

“अरे वा...” ते उभेच राहिले. छत्री या हातातून त्या हातात घेतली. “मग माझं काम संपलं. निघतो.”

दारापर्यंत गेले. आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“अहो, हात गेला नव्हता! मी मुद्दाम सेव्ह करत होते.”

ते पाठमोरेच म्हणाले, “माहीत आहे.”

“माहीत होतं? आणि दर वेळी दोन बोटांनी...”

ते वळले. कान लाल झाले होते. “तुमच्या कॉम्प्युटरवर तारखेची पद्धतच महिना-आधी अशी लावलेली आहे. ती बदलली की तुम्ही कितीही सेव्ह करा, काही बिघडत नाही. एका मिनिटाचं काम. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला.”

“मग बदलली का नाहीत?”

“परत कोण बोलावणार होतं?”

मी त्यांच्या हातातून छत्री काढून घेतली आणि खुंटीला टांगली. “आता बदला,” मी म्हटलं. “आणि बसा. बोलावणं वगैरे पुन्हा होणार नाही.”

मार्चमध्ये आम्ही लग्न केलं. बहीण फोटोत सगळ्यांत पुढे. मुलगी आधी फुगून बसली, नंतर त्यांना माझ्याआधी फोन करू लागली. दोन पावसाळे आम्ही जिन्याखाली शेजारीशेजारी बसून काढले; मी काड्या बसवायची, ते गिऱ्हाइकांना गप्पांत अडकवायचे. डॉक्टरांनी छातीचं काय ते आधीच सांगितलं होतं. आम्ही दोघांनीही ते पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात इस्पितळाच्या खाटेवर त्यांनी मला विचारलं, “आज चार फेब्रुवारी ना?”

“नाही. दोन एप्रिल.”

मला अजून दोन महिने हवे होते. त्यांना ते कळलं. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर माझा हात धरून म्हणाले, “परत सेव्ह केलंत वाटतं...”

माझे यजमान दुसऱ्या दिवशी सकाळी, पाच फेब्रुवारीला, वारले.