राघू बरा झाला की…

राघूच्या शेपटीचं टोक प्रत्येक श्वासाला खालीवर होत होतं. रत्नम्मानं घड्याळ पुढ्यात ठेवून मोजलं… मिनिटाला नव्वद.

साल एकोणीसशे चौतीस. सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी ही बाई पिंजरा घेऊन गुरांच्या दवाखान्यात शिरली, तेव्हा बैल धरून उभे असलेले शेतकरी खुदखुदले.

"इथं गुरं तपासतात, बाई," नवे डॉक्टर सिद्धलिंगप्पा म्हणाले.

"मग याला लहानसा बैल समजा की!"

ते हसले. पण राघूच्या छातीला नळी लावताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खायला काय देता?"

"शेंगदाणे. घरचा तेलाचा घाणा आहे ना. मलूल झाल्यापासून ताकद यावी म्हणून लोण्यात घोळून देते."

"त्यानंच हृदयावर ओझं आलंय." मुंबईला शिकताना त्यांनी एक मेलेला पोपट उघडून पाहिला होता. त्याच्या हृदयाजवळची मोठी नस चुन्यासारखी कडक झाली होती.

रत्नम्माचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच…"

"तुम्ही श्वास मोजलेत, म्हणून वेळेवर आलात," ते हळूच म्हणाले.

शेंगदाणे बंद झाले. पेरू, हिरवी मिरची, आणि संध्याकाळी खोलीभर मोकळं उडणं. तपासायला डॉक्टर दर गुरुवारी घरी येऊ लागले.

"पाखरापायी एवढी पायपीट! डाक्टर लई दयाळू हाय बाई," रत्नम्माची आई चंद्रव्वा चहा ठेवत म्हणे. रत्नम्मा खिडकीकडे बघून हसू लपवी.

एका गुरुवारी त्यांनी विचारलंच — "माझ्याशी लग्न कराल?"

"राघू बरा झाला की सांगेन." आपल्या हातून ज्याचं नुकसान झालं, तो धापा टाकत असताना स्वतःचं सुख मागायला तिचं मन धजेना.

पौषात डॉक्टरांची मंगळवेढ्याला बदली झाली. शेवटच्या गुरुवारी ते जोंधळ्याचं कोवळं कणीस घेऊन आले. शेपटी आता मिनिटाला साठच हलत होती. त्यांनी नळी लावली.

"बरा झाला?" तिनं विचारलं. त्यांच्या एका 'हो'वर काय अवलंबून आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

लांबून गिरणीचा भोंगा वाजला. डॉक्टरांनी नळी कानातून काढली.

"नाही. कडक झालेली नस पुन्हा मऊ होत नाही, बाई. आहेत तितके दिवस जपायचं…" ते टोपीशी चाळा करत राहिले. "खोटं बोलावंसं वाटलं होतं. पण…"

"पण?"

"तुम्ही मोजून पाहिलं असतंत!"

ती डोळे पुसत हसली. राघूच्या या वाढीव दिवसांचे उपकार होतेच; त्याहून मोठे त्या एका 'नाही'चे. राघू भुर्रकन उडून डॉक्टरांच्या खांद्यावर बसला.

"मंगळवेढ्याला अशी कणसं मिळतात?"

"तिथं तर जोंधळ्याचीच रानं. का?"

"राघूला घेऊन येणार आहे मी," रत्नम्मा म्हणाली. "तुमच्याशी लग्न करून."