न दिसणारी अक्षरं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरात अजून कुणाला बोलले नाही.

त्या दुपारी मी ताईच्या लॅपटॉपपाशी बसले होते, ते फक्त गृहपाठाची प्रिंट काढायला. ताई आंघोळीला गेली होती.

त्या लॅपटॉपवर ताईने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती चालवली की काळ्या पडद्यावर "पासवर्ड?" एवढंच यायचं. ताई टाइप करायची, पण पडद्यावर काहीच उमटायचं नाही. ठिपकेसुद्धा नाहीत.

"ठिपके का नाहीत गं?" मी एकदा विचारलं होतं.

"तुझ्यासारख्या भोचक भवान्या ते मोजतात म्हणून."

मग एक फोल्डर उघडायचं आणि ताई एकटीच हसत बसायची. त्यात ती आणि कॉलेजातली तिची मैत्रीण (मी तिला बॉबकट म्हणते) एकमेकींना लिहायच्या. आधी ताई सगळं मला सांगायची. बॉबकट आल्यापासून माझ्या वाट्याला फक्त "झोप आता" उरलं.

म्हणून मी स्क्रिप्ट उघडली आणि अक्षरं लपवणारी खूण खोडली. एक आडवी रेघ आणि एक एस, बस्स. आता ताई टाइप करील ते मला पलंगावरून वाचता येणार होतं. जमलंय का बघायला एकदा चालवली.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. न्हाणीघरात पाणी पडत होतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"पासवर्ड?"च्या पुढे एक अक्षर उमटलं. मग दुसरं. इंग्रजी अक्षरांत, सावकाश, कुणी एका बोटाने लिहावं तसं… ताई फक्त माझी.

"कोण…?"

एंटरची कळ आपोआप खाली गेली. फोल्डर उघडलं.

मी घाबरायला हवं होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ताई म्हणणारी मी एकटीच आहे.

पाणी थांबलं. मी घाईने ती खूण परत घातली आणि सगळं बंद केलं.

ताई केस पुसत आली. "सरक. तोंड का एवढंसं झालंय?"

"कुठे काय."

तिने स्क्रिप्ट चालवली, टाइप करू लागली. पडदा कोरा. मध्येच तिने केसांना पंचा गुंडाळायला दोन्ही हात वर नेले.

कळांचा आवाज चालूच राहिला. टक… टक…

ताई दचकली नाही. लहानपणी मला झोपवताना लावायची, त्या मऊ आवाजात ती म्हणाली, "थांब ना गं जरा…"

"मी काय केलं?"

"तुला नाही म्हटलं."