हाडातलं दुखणं

"घ्या न बाई... देवीचा परसाद हाय, इख नाई!"

गीताने पळसाच्या पानावरचा दहीभात वच्छलाबाईंपुढे धरला होता आणि शेताच्या धुऱ्यावर जमलेल्या बाया कमरेला कापसाच्या ओट्या बांधता बांधता थबकल्या होत्या. कापसाची पहिली वेचणी! शेताच्या कोपऱ्यात पाच खडे मांडून, त्यांना हळदकुंकू वाहून, सीतादहीचा दहीभात शिंपडल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही, ही सासूच्या सासूपासूनची रीत. आणि त्याच घराची थोरली सून मान खाली घालून म्हणत होती, "मले दही मना हाय वं गीता. डाक्तरनं सांगतलं..."

"चिमूटभर दह्यानं कोनी मरत नाई! माह्या लेकीची सोयरीक जमून राह्यली, अन् तुम्ही भरल्या शेतात परसाद नाई म्हनता... लय चांगलं मन हाय तुमचं, बाई!"

"राहू दे वं," मागून कोणीतरी फिसकन हसलं, "त्याइले पेढे लागत असतीन!"

वच्छलाबाईंनी तो प्रसाद कपाळाला लावला, पान हळूच खाली ठेवलं आणि ओटी बांधून त्या मुकाट्याने कापसाच्या तासाला, आपल्या ओळीला लागल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर करावा, तर खांदा वर होईना...

रोहिणखेडच्या अलीकडच्या त्या गावात गीता नवी नवरी होऊन आली, तेव्हा सोळा वर्षांची होती आणि माहेरच्या आठवणीने रोज रडायची. तिची वेणी घालणारी, तिला भाकर थापायला शिकवणारी, सासूच्या बोलण्यापुढे तिची ढाल होणारी ही थोरली जाऊच! लेक छकुली जन्मली त्या साली गीता दोन महिने तापाने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा स्वतःची कूस कधीच न उजवलेल्या वच्छलाबाईंनी ते तान्हं लेकरू बकरीच्या दुधावर वाढवलं. त्या वेळी गीता म्हणायची, "बाई, मले दोन माया हायेत. एक माहेरी, एक इथं."

मग वच्छलाबाईंचे पती गेले. बीटी कापूस आला, वेचण्या वाढल्या, माणसं मिळेनाशी झाली, आणि धावपळीत बोलण्यातला गोडवा कधी आटला ते कळलंच नाही. चार वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीने राजूरचा घाट चढून बुलढाण्याला जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडायचं, दिवस मावळता परत यायचं.

बीटी आल्यापासून वेचणाऱ्या बाया म्हणायच्या, या कापसानं हाताला खाज सुटते. लिंबाचा पाला उकळून त्या हात धुवायच्या. पुढे वच्छलाबाईंचं सारं अंग खाजू लागलं, पाठ, तळपाय, रक्त निघेपर्यंत, तेव्हा घराने एका शब्दात निकाल लावला... बीटीची खाज! वच्छलाबाईंनाही ते पटलं. डॉक्टरांनी विचारलं की त्याही हसून सांगायच्या, "कापसाची हाय, डाक्तरसायेब." असं एक अख्खं वर्ष गेलं. हाडं ठणकू लागली, जिना चढवेना, तेव्हा गीता म्हणाली, "आठवड्यातून दोनदा रगत धुवून येता न? मंग आता काऊन दुखते?" तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. तिला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तेच अधिक जिव्हारी लागत होतं!

शेवटी आषाढात डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं.

"मावशी, गळ्यात तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात," त्यांनी कागद समोर धरून समजावलं. "मूत्रपिंडं गेली की त्या बेफाम होतात. त्यांच्यातलं हार्मोन हाडांतला चुना ओढून काढतं. तुमच्यासारख्या पेशंटला पाच-सहाशेपर्यंत चालतं, तुमचं दोन हजारांच्या वर गेलंय. ती खाज कापसाची नाही. ग्रंथी काढाव्या लागतील, आणि लवकर."

"उन्हाळ्यापावतो दम निघल का?"

"कशासाठी थांबायचं?"

वच्छलाबाईंनी कागद हातात घेतला. सोनाळ्याचे पाहुणे नुकतेच छकुलीला पाहून गेले होते. घरात मोठं ऑपरेशन निघालं तर पाहुणे बिचकतील, वेचणी खोळंबेल, दीर, गीताचा नवरा पंजाबराव, दवाखान्यात अडकतील... ज्या लेकराला छातीशी धरून वाढवलं, तिच्या अक्षतांच्या आड आपलं दुखणं यावं? नाही! तो कागद त्यांनी लुगड्याच्या घडीत ठेवला आणि घरी अवाक्षरही काढलं नाही.

सीतादहीनंतर दहाव्या दिवशी शेतात गीता म्हणाली, "बाई, तेवढं गाठोडं उचला." वच्छलाबाईंनी ते उचललं. ना पडल्या, ना काही लागलं. खांद्यापाशी नुसतं कट्‌ झालं आणि उजवा हात लोंबू लागला.

"आता हे काय नवीन?" गीता वैतागून वळली... आणि त्यांचा पांढराफटक चेहरा पाहून जागच्या जागी थिजली.

बुलढाण्याला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाडांचा भुसा झालाय, पंजाबराव! मी यांना आषाढातच ऑपरेशन सांगितलं होतं."

"आषाढात? वहिनी, तुम्ही आमाले..." पंजाबराव वच्छलाबाईंकडे वळले.

"चार महिने या बाईंनी काय सोसलं असेल, ते मला विचारू नका," डॉक्टर म्हणाले.

गीता भिंतीला टेकून उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही. घाट उतरतानाही नाही. वच्छलाबाईंना वाटलं, रागावली असेल... ऐन सोयरिकीच्या वेळी मी हे काढून बसले!

औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात तुळशीच्या लग्नानंतर ऑपरेशन झालं. ग्रंथी काढल्या, एकीचा कणभर तुकडा हाताच्या मांसात पेरला. नर्सने सांगितलं, दोन हजारांचं हार्मोन ऐंशीवर आलं. पण लगेच तिने बजावलं, "आता उपाशी हाडं रक्तातला सगळा चुना ओढून घेतील. ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडली, तर त्याच क्षणी सांगायचं. नाहीतर जिवावर बेततं."

दुसऱ्याच दिवशी सकाळी छकुलीचा साखरपुडा होता. पंजाबराव गावी गेले होते, गीताला न्यायला आदल्या दुपारीच जीप येणार होती.

जीप आली. गीताने पिशवी उचलली. "निघू का, बाई? शेजारच्या खाटेवरच्या मुबीनाबाईले सांगतलं लक्ष ठेवाले."

त्याच वेळी वच्छलाबाईंच्या ओठांना मुंग्या येऊ लागल्या होत्या... जिभेच्या शेंड्याला, मग बोटांना. सांगावं? सांगितलं तर ही थांबेल. मग लेकीच्या ओटीत नारळ पडताना आई नसेल! आणि सांगून तरी काय? ही म्हणेल, आता काय दुखते?... त्यांनी हात चादरीखाली ओढला.

"जाय वं. मले काई नाई होत. माह्याकून पोरीची दृष्ट काढजो."

गीता दारापर्यंत गेली आणि थांबली. चादरीखाली ओढलेला तो हात तिच्या डोळ्यांसमोर आला. ती वळली, सरळ खाटेपाशी आली आणि तिने चादर दूर सारली. वच्छलाबाईंची बोटं आत ओढली जाऊन एकमेकांना चिकटली होती, ताठ, लाकडासारखी.

"सिस्टर! ओ सिस्टर! धावा हो!"

धावपळ झाली. शिरेतून हळूहळू कॅल्शियमचं औषध सुरू झालं. खिडकीपाशी उभी राहून गीता फोनवर बोलत होती. "हो, जीप वापस धाडली... मी नाई येत. टायमावर करा, पाहुण्याइले थांबवू नका. पोरीची ओटी वच्छलाबाईइच्या नावानं भरा, म्हना... नाई, रडून नाई राह्यली मी!"

ती रडत होती. खाटेपाशी बसून तिने ती आखडलेली बोटं एकेक करून चोळायला घेतली.

"बाई, शेतात तुमचं हाड मोडलं तवा मले वाटलं, सोंग करून राह्यल्या. तवापासून तोंड नाई झालं बोलाले... तुमच्यासमोर कोनत्या तोंडानं बोलू?" "पन तुम्ही बी काऊन नाई सांगतलं? आजबी नाई! मी इतकी परकी झाली?"

वच्छलाबाईंचे डोळे भरून वाहू लागले. सवयीने ओठांवर तेच आलं... काई नाई होत...

"खरं सांगा," गीता म्हणाली. "कुठं दुखते?"

"पाठीत," वच्छलाबाई म्हणाल्या. "गुडघ्यात. खांद्यात... लय दुखते वं गीता. लय दिवसापासून दुखते."

"हो बाई," गीता म्हणाली आणि बोटं चोळत राहिली.