बारा नंबरचं उत्तर

वॉर्डात खाटा सोळा, पण सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर ठोके दिसायचे आठांचेच. बाकीच्या आठांनी आपापल्या जबाबदारीवर जगायचं, अशी एकंदर व्यवस्था. नव्या यंत्राची मंजुरी येईपर्यंत पेशंट एकतर घरी जायचा, नाहीतर कायमचा जायचा. म्हणून हॉस्पिटलच्या दुरुस्तीवाल्याने, ज्याला सगळे खटपट्या म्हणत, स्वतःच्या हाताने एक कार्ड बनवलं. कॉम्प्युटरमध्ये खोचलं की दुसरा स्क्रीन लागायचा: नऊ ते सोळा.

लागायचा, आणि वीस मिनिटांत सगळंच गोठायचं. सोळाच्या सोळा रेघा जागच्या जागी. गजरसुद्धा मुका.

"खटपटे, आधी निदान निम्मे तरी दिसायचे हो!" सिस्टर खाटांमधून धावता धावता ओरडली.

त्याला हसू आलं नाही. कालपासून बारा नंबरवर त्याचे आप्पा होते. कार्ड चाललं नाही, तर त्यांचं हृदय थांबलेलं कुणालाच कळणार नव्हतं.

आप्पांना मात्र कशाचीच काळजी नव्हती. "तू रेडिओ दुरुस्त केलास ना, तेव्हापासून घरात फार शांतता आहे बघ," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

त्याने वायरी बदलल्या, पंखा बदलला. मग कॉम्प्युटरमधल्या नोंदी चाळल्या. घोटाळा दर वेळी एकाच जागी. कॉम्प्युटर एकेका खाटेला नंबराने विचारायचा, कार्ड ठोके सांगायचं. बाराला विचारलं की दोन उत्तरं यायची, आणि कॉम्प्युटरची वाचाच बसायची.

त्याने कार्ड उपसून टेबलावर ठेवलं. पुन्हा बाराला विचारलं.

उत्तर आलं. बहात्तर.

त्याने रिकाम्या खाचेत बॅटरी मारून पाहिली. धूळ होती, बाकी काही नाही. पुन्हा विचारलं. बहात्तर. रिकाम्या खोलीचं दार वाजवावं आणि आतून कुणी खोकावं, तसं झालं.

"चेहरा का पडला तुमचा?" सिस्टरने विचारलं.

"कुठेतरी करंट गळत असेल."

"नक्की?"

"असेल म्हटलं ना!"

मग त्याने जन्मभर केलं तेच केलं. आधी चालू करून द्यायचं, कारण मागाहून शोधायचं. बाराला दोन उत्तरं आली तर पहिलं घे, दुसरं सोड, असं त्याने कॉम्प्युटरला शिकवलं. कार्ड परत खोचलं.

वीस मिनिटं गेली. तास गेला. काहीही गोठलं नाही.

"आप्पांचे ठोके बघा," सिस्टर खूश होती. "बहात्तर म्हणजे बहात्तर. घड्याळ लावून घ्यावं."

तो उड्या मारतच खाटेपाशी गेला.

"आप्पा, चाललं बघा एकदाचं!"

आप्पांचे डोळे मिटलेलेच होते.

त्याने हात धरला. गार होता, पार कोपरापर्यंत.

नाकापाशी बोट नेलं. छातीला कान लावला.

काही नाही.

मागून, टेबलापासून, सिस्टरचा आवाज आला.

"अहो खटपटे, काय सांगितलंत आप्पांना? ठोके एकदम वाढले की!"