चिमणीच्या दोन ओळी

गोधडी शिवायची तर तिघींनी एकत्र बसूनच, हा मास्तरणीचा हट्ट. म्हणून आम्ही शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणी तलावाकाठच्या विश्रामगृहात जाऊन राहिलो. मास्तरीण नुकतीच निवृत्त झालेली, चिमणीचा नवरा जाऊन वर्ष उलटलेलं, आणि मी रक्ततपासणीच्या लॅबमधली, लग्नाच्या फंदात कधी न पडलेली. लांब टेबल, उंच खिडक्या, कोपऱ्यात फुरफुरणारी किटली. गोधडी चिमणीच्या लेकीच्या बाळासाठी होती, लेकीचे दिवस भरत आले होते. तुकडे सगळे चिमणीच्या नवऱ्याच्या शर्टांचे.

"बाळाला आजोबा बघायला नाही मिळाले," चिमणी म्हणाली, "निदान पांघरायला तरी मिळू देत."

आमची पद्धत अशी, की जिच्या हातात सुई तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या दोन ओळी चिमणीच्या. त्या घालता घालता तिनं सांगितलं, की एकदा ती छत्री विसरून गेली तर नवरा छत्री घेऊन बसमागे धावला. छत्री द्यायला म्हणून चढला आणि उतरलाच नाही. ऑफिस बुडवून शेवटच्या थांब्यापर्यंत तिच्या शेजारी बसून राहिला, नखशिखान्त भिजलेला. मास्तरीण हसता हसता रडायला लागली.

मी मात्र टाके बघत होते. चिमणीचा हात हल्ली थरथरतो. एक टाका तांदळाएवढा, तर पुढचा बोटभर. माझं मेलीचं हे असंच आहे, वाकडं काही दिसलं की हात शिवशिवतात.

दुपारी दोघी आडव्या झाल्या तेव्हा मी तिच्या दोन्ही ओळी उसवल्या आणि सरळ, एकसारख्या घालून टाकल्या. कुणाला कळलंही नसतं. घालताना मनात चाललंच होतं, 'हिला आता झेपत नाही. उगाच आणलं हिला. हिच्या पायी सगळ्या कामाची माती.'

चहाच्या वेळी मास्तरीण म्हणाली, "चिमणे, ती छत्रीची गोष्ट सांग ना पुन्हा."

"कसली छत्री?"

"पुरे झाली थट्टा!"

चिमणी हसली नाही. तिनं गोधडी जवळ ओढली आणि पहिल्या ओळीवरून तळवा फिरवला. तिचा चेहरा उतरला.

"मला आता झेपत नाही गं," ती हळूच म्हणाली. "उगाच आणलंत मला. माझ्या पायी सगळ्या कामाची माती."

मी कप खाली ठेवला. मी झोपेत बडबडले असेन म्हणावं, तर झोपले कुठे होते? आणि हे शब्द मी ओठांवरसुद्धा आणले नव्हते.

मी स्वतःला समजावलं, की वय झालं, माणसं विसरतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीनं तिसरी ओळ घातली, बोलत बोलत. नवरा दाढी करताना शीळ कशी घालायचा ते. जेवताना तिला शीळ नीट आठवत होती. छत्री नव्हती. बससुद्धा नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरीण बाहेर गेल्यावर मी सांगून टाकलं, "चिमणे, तुझ्या ओळी मी उसवल्या. मला माफ कर."

"बरं केलंस की. वाकड्याच असतील." ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की मला तिच्याकडे बघवेना. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मी माझे टाके भराभर काढले आणि सुई तिच्या हातात दिली.

"तू घाल. मी सांगते तुला तुझी गोष्ट. तू फक्त शिवत जा."

ती शिवू लागली. मी सांगू लागले. छत्री, बस, शेवटचा थांबा. काही गाळायचं नाही म्हणून मी शब्द न् शब्द आठवून सांगत होते.

चिमणीचा हात थरथरत नव्हता.

टाके सरळ पडत होते. एकसारखे. माझ्यासारखे.

दोन्ही ओळी झाल्या. तिनं दोरा दातानं तोडला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"किती जीव होता गं त्याचा तुझ्यावर," ती म्हणाली. "इतकी वर्षं बोलली नाहीस कधी."

"चिमणे, तो तुझा नवरा होता. तुझा!"

"माझा शीळ घालायचा," ती म्हणाली आणि सुईत नवा दोरा ओवू लागली.

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण मला आठवत होतं, की बसमध्ये त्यानं छत्री माझ्या मांडीवर ठेवली आणि तिचं पाणी माझ्या बुटांत गळत राहिलं.

हे चिमणीनं आम्हाला सांगितलंच नव्हतं.