उपाशी पाणी

पायरी

"हात लावून पाहा," गोदावरीबाई म्हणाल्या.

दामिनीने बाही वर सारली आणि स्विमिंग पुलाच्या पायरीवर, पाण्याखाली, हात फिरवला. पांढरं प्लास्टर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं.

"परवा एका पाहुण्याच्या पोरीचे तळवे सोलले. दिवाळीनंतर केलेलं प्लास्टर आहे हे! पूल सांभाळणाऱ्या त्या ज्योत्सनानं ॲसिड ओतलं. बहिणीच्या लग्नाले सुट्टी नाही दिली, त्याचा राग. मॅनेजर चंद्रकुमारनं मले रिकामा कॅन दाखवला. तिले कामावरून काढलंच, आज संध्याकाळी तुमसरले जाऊन पोलिसात तक्रारही देते."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तिची माय आली होती. माझे पाय सोडेचना."

आंबागडच्या किल्ल्याखाली, धानाच्या बांध्यांमध्ये, गोदावरीबाईंचं हे रिसॉर्ट. दामिनी भंडाऱ्याची खासगी तपासनीस. सोबत तिचे मामा ताराचंद, निवृत्त हवालदार, पायांत नव्याकोऱ्या चामड्याच्या चपला.

"पोहायच्या पाण्यात ॲसिड कायले लागते?" मामाजींनी विचारलं.

"मिठाचा पूल आहे, मामाजी. मशीन मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवतं. त्यानं पाण्याचा पीएच चढत राहतो. तो उतरवायला थोडं थोडं ॲसिड घालावंच लागतं."

"म्हणजे हत्यार पोरीच्या हाती रोजच होतं." मामाजींचा तपास संपला होता.

दामिनीचा नव्हता. ती काठावर पालथी झोपली. शिडीमागे, कोपऱ्यांत, पायरीच्या पोटाखाली, जिथे जिथे हात पोचला तिथे प्लास्टर सारखंच खरखरीत. पाण्याच्या रेघेच्या वर, कोरड्या भागात, मात्र काचेसारखं गुळगुळीत.

साबण

"हा साबण हातावरून उतरूनच नाही राहिला!" मामाजी बेसिनपाशी चिडले होते. "किती पाणी टाकलं, तरी हात बुळबुळीत!"

मॅनेजर चंद्रकुमार टॉवेल घेऊन धावला. पांढरा शर्ट, मऊ आवाज.

"पाणी कुठलं हे?" दामिनीने विचारलं.

"मागच्या तलावाचं, मॅडम. पावसाचं साठवण. गाळून घेतो. पूलही त्यानंच भरला."

"आधीपासून हॉटेलातच होता?"

"नाही जी. चिखल्याच्या खाणीकडे एका ट्रान्सपोर्टवाल्यापाशी होतो. आधी ट्रक, मग यार्ड." तो हसला. "तिथं धूळ खाल्ली, इथं हवा खातो."

"आणि ज्योत्सना?"

"पोरगी चांगली आहे, मॅडम. पण राग नाकावर."

फोन

प्लास्टरवाला वीरेंद्र नागपुरात होता. दामिनीने एकच प्रश्न विचारला. पुढचं सगळं त्यानंच बोलून टाकलं.

"माझ्या कामाले नाव नका ठेवू, मॅडम. असे किती पूल केले मी. काम झालं, वाळलं, सामानाची गाडी पाठवली. मीठ, ॲसिड, कॅल्शियम, एक वस्तू कमी नाही. पोरीले शिकवून गेलो. आता कोणी रागात कॅन उलटा केला तर वीरेंद्र काय करणार? हॅलो? मॅडम?"

जाळं

ज्योत्सनाचं घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. बाप जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"ॲसिड कसं घालत होतीस?"

"बादलीभर पाण्यात मिसळून. पंप चालू ठेवून, काठानं फिरत फिरत."

"रागात कधी एकदम नाही ओतलंस?"

"राग आला होता. बादली आपटली मी." ती थांबली. "रिकामी होती."

मामाजींना हसू आलं. बापाला नाही.

"रोज काय तपासायचीस?"

"पीएच, क्लोरीन, मीठ."

"कॅल्शियम?"

"त्याचं औषध नव्हतं तपासणीच्या पेटीत. ते एकदाच टाकतात म्हणे, पूल भरताना. मी मॅनेजरसाहेबाले विचारलं होतं, तर म्हणाले, ते काम झालं, तू तुझं पाहा." तिचा आवाज उतरला. "पोलीस घरी येतील का, ताई? बहिणीचं लग्न आहे."

चपला

परतताना समोरून ट्रक गेला आणि रस्त्यावर धुळीची भिंत उभी राहिली. रिसॉर्टच्या फाटकाच्या आत मात्र मातीची वाट काळसर, ओलसर, शांत.

"पाणी मारत असतील," मामाजी म्हणाले.

"पाईप दिसला? टँकर?"

"नाही... अगं, हे पाहा! कालच घेतल्या होत्या!" चपलांच्या कडांवर पांढरी खपली होती आणि चामडं पापडासारखं वळलं होतं.

दामिनी वाकली, वाटेची चिमूटभर माती बोटांत चोळली आणि पहिल्यांदा हसली.

ओसरी

गोदावरीबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तक्रारीचा कागद तिच्यात होता. ज्योत्सना खांबापाशी उभी. चंद्रकुमार चहा देत होता.

"ॲसिड पाण्याहून जड असतं," दामिनी म्हणाली. "एकदम ओतलं तर तळाशी बसतं आणि तिथंच चट्टा पाडतं. पायरीच्या पोटाखाली ते कसं चढेल? प्लास्टर सगळीकडे सारखं झिजलंय. कोणी काही ओतलं नाही. पाण्यानंच खाल्लं."

"पाणी खाते?" मामाजी.

"उपाशी असलं की खातं. पाण्याला कॅल्शियम लागतं. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ते फारच कमी, म्हणून तुमचा साबण उतरेना. आणि प्लास्टर म्हणजे सिमेंट, कॅल्शियमनं भरलेलं. पाण्याला आपण जेवू घातलं नाही, त्यानं भिंत खाल्ली."

"पण वीरेंद्रनं तर कॅल्शियमच्या थैल्या पाठवल्या होत्या!" गोदावरीबाई म्हणाल्या.

"त्या मामाजींच्या चपलांत आहेत."

मामाजींनी पाय जवळ ओढून चपला पाहिल्या.

"थैल्यांतलं कॅल्शियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढतं. वाटेवर टाकलं की धूळ बसते. चामडं मात्र आखडतं. हॉटेलवाल्याला हे सुचणार नाही. धुळीच्या यार्डात राबलेल्या माणसाला लगेच सुचेल."

चंद्रकुमारने ट्रे खाली ठेवला. "थैलीवरचं नाव पाहिलं, मॅडम. आम्ही यार्डात हेच टाकायचो. वाटलं, रस्त्यासाठीच आलं. देवाशपथ."

"तेवढं मानते. पण ज्योत्सनानं विचारलं, तेव्हा?"

"...तेव्हा समजलं."

"थैल्या उरल्या होत्या?"

"अर्ध्या." तो गोदावरीबाईंकडे पाहत होता. "उद्घाटनाले बाईंनी सगळ्यांपुढे शाबासकी दिली होती, की चंद्रकुमारनं धूळ बंद केली. चूक झाली असं कसं सांगू? उरलेल्याही वाटेवरच टाकल्या. परवापर्यंत."

"आणि रिकामा कॅन घेऊन बाईंकडे गेलास."

त्यानं ट्रेमधले कप उगाच सरळ केले.

गोदावरीबाईंनी पर्समधून कागद काढला, फाडला आणि ट्रेमध्ये ठेवला. "तुझं उद्या पाहते," त्या चंद्रकुमारला म्हणाल्या. मग खांबाकडे वळल्या. "पोरी, सकाळपासून कामावर ये. लग्नाची सुट्टी घे."

"येईन," ज्योत्सना म्हणाली. "पण आधी माझ्या मायशी बोला. तिनं तुमचे पाय धरले होते."

मामाजींनी खिशातून मोबाईल काढून पुढे केला. गोदावरीबाईंनी तो परत सारला आणि उठल्या.

"हे फोनवर होत नाही. चल, घर दाखव."

दोघी ओलसर वाटेनं गेल्या. फाटकाबाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या पायांमागे धूळ उठली.